विद्यापीठाचं वाण गावाचं करताना

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. शिकवणं, संशोधन करणं आणि केलेलं संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणं, ही त्यांची तीन कामं. तिसऱ्या कामाला ‘विस्तार शिक्षण’ म्हणतात. त्यासाठी प्रत्येक विद्यापीठात वेगळं संचालनालय आहे, कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्र आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एवढी मांडणी असूनही गावात नवं वाण बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरून येतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना. दुकानदार देईल ती पिशवी उचलायची, पेरायची, निघालेलं सगळं बाजारात विकायचं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं.

ही रांग मोडता येते. विद्यापीठाचं दार उघडं आहे, पण त्या दारातून वाण घेऊन येण्याचं काम एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, ते गटानेच करावं लागतं. पुढची कृती अशाच गटासाठी आहे: दहा ते पंधरा शेतकरी, पीक सोयाबीन, मुदत तीन हंगाम. हरभऱ्यालाही ती थोड्या फरकाने लागू पडते. तुरीत परपरागीकरण होतं, त्यामुळे तिथे शेजारच्या तुरीपासून बरंच लांब जावं लागतं. कपाशीसारख्या संकरित वाणाला मात्र ही कृती चालणार नाही. संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी आईबापांसारखं उतरत नाही.

हाताशी काय हवं

दोन एकर निचऱ्याची, मध्यम ते भारी जमीन, आणि तीही अशी की जिच्यात गेल्या हंगामात सोयाबीन नव्हतं. आदल्या वर्षीचे गळलेले दाणे नव्या पिकात उगवले की बियाण्याचा प्लॉट तिथेच बिघडतो. एक जाड वही, जी गटातल्या एकाच माणसाच्या ताब्यात राहील. मोजमापाची दोरी, स्वच्छ धुतलेली गोणपाटं, ताडपत्री, ज्यूटची पोती. जवळपास कुठे स्पायरल सेपरेटर आहे त्याची चौकशी करून ठेवा. गोल, भरलेले दाणे वेगळे करायला त्याच्यासारखं सोपं यंत्र नाही, आणि ते विजेशिवाय चालतं.

गरज आधी, वाण नंतर

कृषी विज्ञान केंद्रात जाऊन “साहेब, एखादं चांगलं वाण सांगा” असं विचारलं तर उत्तरही तितकंच मोघम मिळतं. म्हणून ऑगस्टमध्येच गटाने एकदा बसावं आणि आपल्या सोयाबीनचं दुखणं नेमकं काय आहे ते वहीत लिहावं. तांबेरा येतो का? शेंगा वाळल्यावर तडकतात का? हार्वेस्टरने काढताना खालच्या शेंगा शेतातच राहतात का? रब्बीच्या हरभऱ्याला रान वेळेवर मोकळं होत नाही का? पाऊस उघडला की मुरमाड भागातलं पीक आधी माना टाकतं का?

प्रत्येक दुखण्यावर वेगळं काम झालेलं आहे. कृष्णाकाठच्या दमट पट्ट्यात तांबेऱ्याने सोयाबीन हातचं जायचं. राहुरी विद्यापीठाच्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज केंद्राने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि फुले संगम म्हणजे केडीएस 726, फुले किमया म्हणजे केडीएस 753 ही तांबेऱ्याला तोंड देणारी वाणं दिली. नावातलं ‘केडीएस’ त्या केंद्राचंच आहे. परभणीने एमएयूएस 162 यंत्राने काढायला सोयीचं म्हणून दिलं, तर एमएयूएस 158 आणि एमएयूएस 612 शंभर दिवसांच्या आत रान मोकळं करतात. हे एकदा कळलं की ‘सगळ्यात चांगलं वाण कोणतं’ हा प्रश्न उरत नाही.

रब्बी ज्वारीत तर हे आणखी ठळक दिसतं. राहुरीने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं वेगळी केली आहेत: हलक्या रानाला फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, पाण्याखाली फुले रेवती. भारी रानाचं वाण माळावर पेरून कणसं भरली नाहीत, तर तो दोष वाणाचा नव्हे. वाण रानाला जुळलं नाही, एवढंच.

उभं पीक बघून या

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोयाबीन शेंगा भरून उभं असतं. बघायला जायचं ते तेव्हा. मे महिन्यात मेळाव्याला गेलात तर तुम्हाला पिशवी दिसेल, पीक दिसणार नाही.

सगळ्यात जवळचं ठिकाण तुमचं कृषी विज्ञान केंद्र. काही केंद्रं विद्यापीठांची आहेत, काही स्वयंसेवी संस्था चालवतात, बारामती किंवा बाभळेश्वरसारखी. दोन्हीकडे काम तेच असतं: विद्यापीठाची शिफारस जिल्ह्यातल्या रानात उतरवून बघणं. त्यांची आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिकं शेतकऱ्यांच्याच शेतांवर असतात, साधारण एकेका एकराची. तिथे जाऊन त्या शेतकऱ्याशी बोला. केंद्राच्या फळ्यावर लिहिलेलं उत्पादन आणि बांधावर उभा असलेला माणूस सांगतो ते उत्पादन, दोन्ही लिहून घ्या.

विद्यापीठात जायचं तर शिवारफेरीच्या दिवसांत जा. परभणीला रब्बीचा मेळावा 17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमाराला असतो. तेव्हा प्रक्षेत्रावरचं सोयाबीनही बघून होतं. सगळा गट जाऊ शकत नसेल तर तिघांना पाठवा, पण त्यात प्रत्यक्ष कोळपणी-खुरपणी करणारी एक बाई असावी. खोडाची उंची, खालची शेंग जमिनीपासून किती वर लागली आहे, झाड लोळतं का, या गोष्टी रोज रानात वाकणाऱ्या नजरेला आधी दिसतात.

शिफारस कशी वाचावी

विद्यापीठाच्या पुस्तिकेतली एक ओळ म्हणजे दहा-बारा वर्षांची मेहनत असते. दोन झाडांचा संकर, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड, मग केंद्रावरच्या चाचण्या, मग राज्यभर वेगवेगळ्या ठिकाणी, मग शेतकऱ्यांच्या रानात. ही सगळी आकडेवारी चारही विद्यापीठांच्या वार्षिक संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत, जिला बोलताना सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, मांडली जाते. तिथे दुसऱ्या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटतपासणी घेतात. त्यातून निघालेलं वाण पुढे बियाणे समितीकडून 1966 च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचित होतं. अधिसूचित नसलेल्या वाणाचं प्रमाणित बियाणं करता येत नाही, म्हणून वाण निवडताना ‘अधिसूचित आहे का?’ हे पहिलं विचारा.

पुढचं वाचताना तीन गोष्टींखाली रेघ ओढा. शिफारस कोणत्या विभागासाठी आहे. कोणत्या जमिनीसाठी आणि कोणत्या पेरणीच्या काळासाठी आहे. आणि उत्पादनाचा आकडा कोणत्या अंतरावर, किती खतावर आलेला आहे. वाण म्हणजे नुसतं बी नव्हे, त्याच्याबरोबरची सगळी लागवड त्यात येते. ओळीतलं अंतर बदललंत, बी दुप्पट टाकलंत, तर तुम्ही विद्यापीठाचं वाण पेरलं असं म्हणता येणार नाही. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावोगाव ‘विद्यापीठाचं वाण फेल गेलं’ असं ऐकू येतं, आणि चौकशी केली की बहुतेक वेळा वाण विद्यापीठाचं आणि लागवड आपल्या सवयीची, असं निघतं.

राहुरीची ‘कृषिदर्शनी’, परभणीची ‘कृषी दैनंदिनी’ आणि अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ ही वार्षिक पुस्तकं शिफारशींची खाण आहेत. आपल्या विभागाचं एक पुस्तक गटाच्या पैशातून घ्या.

बियाणं मागण्याची वेळ मार्च आहे

बियाण्याची एक उतरंड असते आणि प्रत्येक पायरीच्या टॅगचा रंग ठरलेला असतो. विद्यापीठातला पैदासकार स्वतःच्या देखरेखीखाली करतो ते पैदासकार बियाणं, टॅग सोनेरी पिवळा. त्यापासून पायाभूत, टॅग पांढरा. पायाभूतपासून प्रमाणित, टॅग निळा. सत्यप्रत बियाणं वेगळं, त्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः लेबलवर देतो, तिथे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी झालेली नसते.

पैदासकार बियाणं महाबीजसारख्या बियाणं तयार करणाऱ्या संस्थांच्या आगाऊ मागणीप्रमाणे केलं जातं. गटाने त्याच्या मागे लागू नये. तुम्हाला हवं आहे ते पायाभूत, नाहीतर खात्रीचं प्रमाणित किंवा विद्यापीठाचं सत्यप्रत. त्यासाठी मार्चमध्ये कृषी विज्ञान केंद्राला, विद्यापीठाच्या बियाणे विभागाला आणि महाबीजच्या जिल्हा कार्यालयाला गटाच्या नावाने लेखी मागणी द्या: वाण, किलो, गावाचं नाव, कुणाच्या कुठल्या गट नंबरात पेरणार. अर्जाची पोच घ्या. परभणीचा खरीप मेळावा 18 मे ला, विद्यापीठाच्या स्थापनादिनी असतो आणि त्या दिवशी बियाण्यासाठी पहाटेपासून माणसं उभी असतात. आधी मागणी नोंदवून ठेवली असेल तर तेवढी ओढाताण होत नाही.

किती आणायचं? एकरी 30 किलोच्या हिशेबाने दोन एकराला 60 किलो. सगळ्या गटाच्या सगळ्या रानाचं बी पहिल्याच वर्षी आणायला जाऊ नका. एकरी आठ क्विंटल पीक आलं आणि चाळून-निवडून सहा क्विंटल बियाणं उरलं, तर एका एकराचं बी पुढच्या वर्षी 20 एकराला पुरतं, दोन एकराचं 40 एकराला. सगळ्या गावाला पुरायला आणखी एकच हंगाम लागतो.

पिशवी फोडताना खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहतो. टॅगवर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत असते. टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर बी वहीसोबत जपून ठेवा. उगवण कमी झाली तर तक्रारीला, आणि पुढे प्रमाणीकरणाला, याच चार गोष्टी लागतात.

पेरणी, आणि शेजारी आपलं जुनं वाण

पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करा, पण क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. जिवाणू लावलेलं बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय तिफण धरू नका. बी तीन ते चार सेंटिमीटरच्या खाली गेलं तर सोयाबीनचा कोंब वर येताना मान मोडून घेतो.

नव्या वाणाच्या लगत, त्याच रानात, त्याच दिवशी, त्याच खतावर दहा गुंठे आपलं नेहमीचं वाण पेरा. हे केलं नाही तर काढणीनंतर गटात फक्त वाद होतील. पाऊस चांगला झाला म्हणून पीक आलं की वाणामुळे आलं, हे शेजारच्या दहा गुंठ्यांशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मात्र दोन्ही वाणांमध्ये निदान तीन मीटरची मोकळी पट्टी सोडा. सोयाबीन स्वपरागीकरणाचं पीक आहे, त्यामुळे परागाची भीती फारशी नसते. ही पट्टी मुख्यतः काढणीत आणि मळणीत सरमिसळ होऊ नये म्हणून. बीज प्रमाणीकरणाचा नियमही तीन मीटरचाच आहे.

भेसळ काढणं

बियाण्याचा प्लॉट आणि साधं सोयाबीन यांतला खरा फरक इथे आहे, आणि गावात सगळ्यात जास्त टाळलं जाणारं कामही हेच. भेसळ तीनदा काढा: फुलोऱ्याच्या आधी, भर फुलोऱ्यात आणि शेंगा पिवळ्या पडताना.

भर फुलोऱ्यातली फेरी सकाळी करा. सोयाबीनचं फूल पानाच्या बेचक्यात दडलेलं असतं, हरभऱ्याच्या फुलाहूनही लहान, आणि उन्हं चढली की नजर ठरत नाही. वाणाप्रमाणे ते जांभळं असतं किंवा पांढरं. आपल्या वाणाचं फूल कुठल्या रंगाचं ते पुस्तिकेतून आधी पाहून घ्या. मग दोन-दोन ओळींना एक माणूस असं एका बाजूने आत शिरा, सूर्य पाठीमागे ठेवून. एका हाताने शेंड्याची पानं हलकी बाजूला करायची, बेचकं बघायचं, पुढे सरकायचं. जांभळ्या प्लॉटमध्ये पांढरं फूल दिसलं की ते झाड मुळासकट उपटायचं आणि बांधाबाहेर नेऊन टाकायचं. जागीच टाकलेलं झाड ओल मिळाली तर धरून राहतं. फुलाशिवाय पानाचा आकार, खोडावरची लव, झाडाची उंची, यांत वेगळं दिसणारं प्रत्येक झाड काढा. शंका असलेलंही काढा. पिवळा मोझॅक झालेली झाडं तर दिसताक्षणी.

तिसऱ्या फेरीत शेंगा बघायच्या. सगळा प्लॉट पिवळा पडलेला असताना एखादं झाड हिरवंगार उभं असेल, किंवा शेंगेवरची लव राखाडीच्या जागी तपकिरी असेल, तर ते आपलं नव्हे.

या काळात कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञाला एकदा तरी प्लॉटवर बोलवा. लेखी बोलवा आणि आल्यावर वहीत त्यांचं निरीक्षण त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आसपासच्या गावांना बोलावून शेतदिन करायचा असेल तर तोही सप्टेंबरच्या शेवटी, शेंगा भरल्यावर.

काढणी आणि मळणी

इथे सांभाळलंत तरच मागचं सगळं कामी येतं. सोयाबीनचं बीजावरण फार पातळ असतं आणि मूलांकुर त्या आवरणाच्या लगेच खाली असतो. गव्हाला लागत नाही असा मार सोयाबीनला आतून मारतो. दाणा वरून अखंड, चकचकीत दिसतो, पण उगवत नाही.

आधी दोन्ही वाणांच्या प्लॉटमधून, कडा सोडून, 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा एकेक गुंठा दोरीने आखा. त्याची कापणी, मळणी आणि वजन वेगळं करा. किलोला 40 ने गुणलं की एकरी उत्पादन मिळतं. 22 किलो आले तर आठ क्विंटल 80 किलो. दोन-तीन जागी असं करून सरासरी काढा.

बाकीचं पीक कापून ताडपत्रीवर वाळवा. दाण्यात 13 ते 15 टक्के ओलावा असताना मळणी करावी. ओलावा मोजायचं यंत्र बाजार समितीत किंवा कृषी विज्ञान केंद्रात असतं. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या वर जाऊ देऊ नका. भाड्याचा मळणीवाला घाईत असतो, त्याला पुढचं शेत गाठायचं असतं, त्यामुळे दर आधी जास्त ठरवा आणि यंत्र हळू चालवायचं कबूल करून घ्या. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते आतून रिकामं करून झाडून घ्या, आणि पहिलं पोतंभर सोयाबीन बियाण्यात न धरता बाजाराला काढा. मागच्या शेतातले दाणे त्यातच येतात.

काढणीत पाऊस लागून शेंगा भिजल्या, तर ते पीक बियाण्याला धरू नका. अशा गटांना उन्हाळी सोयाबीनचा आधार घेता येतो: डिसेंबर-जानेवारीत पाण्याखाली पेरलेलं पीक कोरड्या हवेत निघतं. उत्पादन खरिपापेक्षा कमी येतं, पण दाणा उगवणीला चांगला असतो आणि पेरणीपर्यंत साठवायचे महिनेही थोडेच.

साठवण आणि उगवण चाचणी

स्पायरल सेपरेटरमधून काढून बी सकाळ-संध्याकाळच्या उन्हात पातळ थरात सुकवा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणा, ज्यूटच्या पोत्यात भरा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, एकावर एक पाचाच्या वर नाहीत. पोतं खांद्यावरून धप्पकन टाकलं की आतलं किती बी मेलं ते जूनमध्येच कळतं. त्या खोलीत रासायनिक खतं ठेवू नका.

मार्चमध्ये एकदा आणि मे महिन्याच्या शेवटी पुन्हा उगवण तपासा. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, खालून मूठ काढा, एकत्र मिसळा आणि त्यातले कसलीही निवड न करता 100 दाणे मोजा. चांगले बघून मोजलेत तर चाचणी निरुपयोगी आहे. धुतलेलं गोणपाट ओलं करून पसरा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांमध्ये बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करा, सैल बांधा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं मोजा. कुजलेली, मूळ तुटलेली, नुसती फुगलेली मोजू नका.

70 किंवा जास्त आली तर एकरी 30 किलो पुरे. 60 आली तर 35 किलो लागेल. त्याच्या खाली गेलं तर ते बी पेरणीत धरू नका, बाजाराला काढा.

गावात वाटणं एक, पिशवीत भरून विकणं दुसरं

2001 च्या पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पुन्हा पेरायला, एकमेकांना द्यायला आणि विकायलाही मोकळीक दिली आहे, वाण संरक्षित असलं तरी. मनाई आहे ती ब्रँड लावून, वाणाच्या नावाचं लेबल असलेल्या पिशवीत विकायला. म्हणजे गटातल्या गटात, गावात, पायलीने किंवा क्विंटलने देवघेव करायला कुणाची परवानगी लागत नाही. दर मात्र काढणीच्या वेळीच ठरवून वहीत लिहा. बाजारभावापेक्षा थोडा जास्त असावा, कारण भेसळ काढणाऱ्याची मजुरी त्यात आहे.

गटाची शेतकरी उत्पादक कंपनी असेल आणि बियाणं विकायचा धंदाच करायचा असेल, तर वाट वेगळी. बियाणे नियंत्रण आदेश 1983 खाली विक्रीचा परवाना घ्यावा लागतो. प्रमाणित बियाण्यासाठी पेरणीच्या वेळीच, ठरलेल्या मुदतीत, महाराष्ट्र राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात क्षेत्र नोंदवावं लागतं; पायाभूत बियाण्याचे टॅग आणि पावती तेव्हाच दाखवायच्या. यंत्रणेचे अधिकारी उभ्या पिकाची तपासणी करतात, मग नोंदणीकृत केंद्रावर प्रक्रिया, मग नमुना शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत. सोयाबीनला निदान 70 टक्के उगवण आणि 98 टक्के भौतिक शुद्धता लागते. उतरलं तर निळा टॅग, चाचणीपासून नऊ महिन्यांच्या मुदतीचा.

वाण संरक्षित असेल तर विद्यापीठाशी करारही करावा लागतो. तो वाचताना पाच गोष्टी बघा: सुरुवातीची फी किती, विक्रीवर रॉयल्टी किती, करार किती वर्षांचा, तोच हक्क दुसऱ्यांनाही दिला आहे का, आणि मूळ बियाणं दरवर्षी विद्यापीठ पुरवणार का. शेवटची अट कागदावर नसेल तर ती घालून घेतल्याशिवाय सही करू नका. मूळ बी मिळालंच नाही तर बाकीच्या चार कलमांना अर्थ राहत नाही. मोठ्या संस्थाही याच वाटेने जातात. नांदेडच्या केंद्राचं एनएचएच 44 हे कपाशीचं नावाजलेलं संकरित वाण बीटी रूपात आणण्यासाठी परभणी विद्यापीठाने महाबीजशी करारच केला. अवजारांचंही तसंच आहे. अकोल्याची पीकेव्ही मिनी डाळ मिल कारखानदार विद्यापीठाकडून हक्क घेऊन बनवतात. बचतगटाने अशी मिल घेताना विक्रेत्याला विद्यापीठाचा परवाना दाखवायला सांगावा. मूळ आराखड्यावरून बनवलेलं यंत्र आणि बघून बघून जोडलेलं यंत्र यांच्या डाळीच्या उताऱ्यात फरक पडतो.

वहीची नक्कल परत पाठवा

डिसेंबरमध्ये वहीतून दोन पानं उतरवून काढा: पेरणीची तारीख, पावसाचे दिवस आणि खंड, दोन्ही वाणांचं गुंठ्यावरून काढलेलं उत्पादन, रोग-कीड, लोळणं, शेंगा तडकणं, मळणीत दाणा किती फुटला, घरात डाळ-तेलाला किंवा बाजारात दराला काही फरक पडला का. न आवडलेलंही लिहा. एक प्रत कृषी विज्ञान केंद्राला, एक ज्या केंद्रातून वाण निघालं त्या केंद्राच्या प्रमुखाला. पैदासकाराला आपल्या वाणाचं शेतकऱ्याच्या रानात काय झालं याची आच असते आणि त्याच्यापर्यंत असा हिशेब फार थोड्या गावांतून पोचतो. पुढच्या शेतावरच्या चाचण्यांना जागा शोधताना शास्त्रज्ञ अशाच गावांकडे येतात, आणि प्रसारित होण्याआधीचं वाण तुमच्या बांधावर येतं.

दुसऱ्या हंगामात 40 एकर, तिसऱ्यात गावाची गरज. प्रमाणित बियाण्यापासूनचं बी पुढे दोन हंगाम चालतं. त्यानंतर भेसळ आणि रोग साचत जातात. म्हणून तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये पुन्हा 60 किलो पायाभूत बियाण्याची लेखी मागणी द्या आणि भेसळ काढण्यासाठी दोन एकर रान आधीच राखून ठेवा.